उरलेली कडवी

“आबाजी, गुंजनआत्याचं मंगलाष्टक तुम्ही तिच्यासाठी नवीन लिहिलंय, की डब्यातलं उरलेलं काढून दिलंय?”

हुश्श! विचारलं एकदाचं. खुशीनं मनातल्या मनात समीक्षाच्या नाकावर टिचकी मारली. काल मधल्या सुट्टीत समीक्षा आणि अर्पितानं तिला शाळेच्या नळापाशी अडवून पैज लावली होती, की सगळ्या घरासमोर विचारून दाखव. “नाही विचारत तू,” समीक्षा म्हणाली होती. “गॅदरिंगला पहिला नंबर काय आला, माइकवाली झाली! घरी आजोबांसमोर मात्र बोलती बंद.” खुशीची आणि बोलती बंद? नववीत गेल्यापासून ती एकदा तरी बंद झाली असेल तर शप्पथ.

अंगणात सतरंजी पसरून सगळे ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. परवा लग्न, उद्या हळद, आणि आज रात्री पन्नास माणसांची सोल्यांची भाजी. आबाजी खुर्चीत, मांडीवर सूप. कळंबहून दोन दिवस आधीच येऊन साऱ्या घराचा ताबा घेतलेल्या बेबीताई, म्हणजे खुशीची मोठी आत्या, मधोमध फतकल मारून. मम्मी पप्पांच्या बाजूला, पण पाठ त्यांच्याकडे, कारण सकाळी मांडववाल्यावरून वाजलं होतं. खुशीला वाटलं होतं, आबाजी “चल, चहाटळ!” म्हणतील, बेबीआत्या खो खो हसेल, आणि सोमवारी शाळेत जाऊन सांगायला झकास किस्सा होईल.

कोणी हसलं नाही. शेंगा फुटण्याचा टिकटिक आवाज थांबला.

“तुले कोणं सांगतलं?” बेबीताईंनी विचारलं.

“कोणी नाही. समीक्षाला शंका आली.” खुशीचा आवाज अजून माइकवरचाच होता. “मी शाळेत प्रॅक्टिस करत होते ना, तर तिसऱ्या कडव्यात आहे बघ,” आणि तिनं चालीवर म्हणूनच दाखवलं,

“यंत्रांच्या नगरीत ज्यास मिळतो सन्मान मोठा सदा...

तर समीक्षा म्हणाली, तुझ्या आत्याचा नवरा महागावचा ना? कापूस आणि तूर लावतो ना? मग ही यंत्रांची नगरी कुठून आली?”

आबाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोर्टात नाजर होते ते तीस वर्षं. साक्षीदार अडकला की न्यायाधीश असाच चष्मा पुसायचे, असं तेच सांगायचे. “ट्रॅक्टर हे यंत्र नाही का?” ते म्हणाले.

“बाबा!” बेबीताईंनी हातातली शेंग सुपात आपटली. “हे तर कपिलच्या वक्ताचं आहे!”

कपिल हे नाव या घरात दोन वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. पुण्याच्या कंपनीतला तो इंजिनिअर. साक्षगंध झालं, पत्रिका छापून आल्या, मग कुंदाआजी गेली, आणि सव्वा महिन्यानं त्याच्या घरून फोन आला की आता जमणार नाही. उरलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आबाजींनी पुढे वर्षभर किराण्याच्या याद्या लिहिल्या. फेकायचं म्हणून नाहीच काही.

आबाजींचं ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. मारेगावपासून महागावपर्यंत कोणाचंही लग्न ठरलं की लोक त्यांच्याकडे येत. ते दोन बैठका घेत, कुलदैवत विचारत, गावची नदी विचारत, कोण हयात, कोण नाही ते विचारत, आणि अकरा कडवी लिहीत. पण अकरा म्हणणार कोण? नवरदेवाचे पाय दुखतात, वऱ्हाडी जेवणाकडे बघतात. पाच-सहा म्हटली जात, बाकीची घरी परत येत आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जात. डब्यात चिठ्ठ्या लावलेल्या गड्ड्या: ‘नोकरीवाला नवरा’, ‘शेतीवाला’, ‘वडील नसल्यास’, ‘नदी’. खुशी लहान असताना त्या डब्यात बिस्किटं आहेत समजून रडली होती.

“त्याच्यातली दोनच कडवी जुनी आहेत, की सगळी?” मम्मीनं विचारलं. मम्मीचं नाव अंजू, आणि ती सासऱ्यांशी बोलताना नेहमी, पदर नव्हता म्हणून, ओढणीशी चाळा करायची.

“आठही.” आबाजी शांतपणे म्हणाले. “कपिलच्या जागी अतुल घातला. बरोब्बर बसला. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.”

“नाव बसलं म्हणून नवराबी बसला काय त्याच्यात?” बेबीताई ओरडल्या. “बाप्पा बाप्पा! मोडलेल्या लग्नाचं अष्टक पोरीच्या डोक्यावर म्हणून राह्यले तुम्ही! असा अपशकुन कोणी मुद्दाम करते काय?”

“लग्न मोडलं. कडवी काय मोडली?”

“बाबा, बेबीताई बरोबर म्हणतात,” मम्मी म्हणाली. खुशी बघतच राहिली. मम्मी आणि बेबीआत्या एका बाजूला! हे तर दिवाळीतही कधी झालं नव्हतं.

“आता बरोबर-चूक काढून उपयोग आहे का?” पप्पांनी मोबाईल वर केला. “प्रेसवाल्यानं अष्टकाचं प्रूफ पाठवलंय. पाच वाजेपर्यंत ओके दिलं तर उद्या तीनशे प्रती हातात. साडेतीन झाले. दीड तासात नवीन कोण लिहिणार? असू द्या हेच. कोणाला कळतंय?”

“समीक्षाला कळलं,” खुशी म्हणाली.

“तू गप्प बस!” मम्मी आणि पप्पा एकदम म्हणाले. म्हणजे आता ते दोघं एका बाजूला.

तेवढ्यात फोलपटं भरायला रिकामी टोपली घेऊन गुंजनआत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातावर अर्धी वाळलेली मेंदी, म्हणून टोपली कोपरांत धरलेली. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी ती थांबली.

“काय झालं?”

शेवटी आबाजीच म्हणाले, “अष्टकाचं चाललंय. ते तेव्हाचंच आहे म्हणून.”

“माहीत आहे मला,” गुंजनआत्या म्हणाली. “मीच टाइप केलं होतं ना तेव्हा. चालतंय. म्हण तू, खुशी.” टोपली खाली ठेवून ती जिन्यानं गच्चीवर निघून गेली.

“झालं!” पप्पा म्हणाले. “जिचं लग्न तिला चालतंय.”

“तिला चालत असेल तर मग आपण...” मम्मीनं वाक्य अर्धं सोडलं आणि शेंगा जवळ ओढल्या. म्हणजे मम्मी पलटली. खुशीनं बेबीआत्याकडे पाहिलं. ती तरी टिकेल.

पण आबाजी सुपातले दाणे बोटानं एकीकडे सारत म्हणाले, “पाचव्या कडव्यात कुंदेचा शब्द आहे. ते कसं फेकू?”

आणि बेबीआत्यानं डोळ्याला पदर लावला. “माय माझी,” ती म्हणाली. “मग राहू द्या, बाबा. राहू द्या तेच.”

खुशीला काही कळेना. दहा मिनिटांपूर्वी नाही म्हणणारे सगळे आता हो म्हणत होते, आणि ज्यांनी जिंकायला हवं होतं ते आबाजी हरल्यासारखे उठून आपल्या खोलीत चालले होते. गणित असतं तर उत्तर मागच्या पानावर तरी असतं.

तिलाही खरं तर हो हवं होतं. का नको असावं? पंधरा दिवस झाले, आठही कडवी तोंडपाठ. पहिल्या चार कडव्यांना एक चाल, पुढच्या चारांना दुसरी, शेवटी सूर वर नेऊन ‘सावधान’. शेजारच्या धम्मदीपदादानं साउंड सिस्टीमवर आवाज घुमवून द्यायचं कबूल केलं होतं. मोरपंखी घागरा शिवून तयार. समीक्षा आणि अर्पिता पहिल्या रांगेत बसणार होत्या, खास ऐकायला. एवढं सगळं करून ते सोडून द्यायचं? पंधरा दिवस म्हणजे काय थोडे असतात?

तरी ती गच्चीवर गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. पैज तर जिंकून झाली होती.

गुंजनआत्या पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. दोन्ही हात पुढे धरलेले, मेंदी फिसकटू नये म्हणून. तिच्या नाकावर केस आला होता आणि तो तिला बाजूला करता येत नव्हता. खुशीनं केला.

“आत्या, तुला खरंच चालतं?”

“हो म्हटलं ना.”

“मग इथं काहून बसलीस?”

“मेंदी वाळवत.”

“खाली पण ऊन आहे.”

आत्या हसली, पण ते हसणं पूर्ण झालं नाही. “खुशे, तू किती मोठ्यानं गातेस गं. न्हाणीघरात पण.”

“चांगलं गाते म्हणतात सगळे.”

“चांगलंच गातेस. म्हणून तर दार लावून घेते मी.”

खुशीला ते आठवलं. रोज संध्याकाळी ती सुरू झाली की आत्याच्या खोलीचं दार लागायचं. तिला वाटायचं, नवरी लाजते. मम्मीला तिनं सांगितलंसुद्धा होतं, बघ, आत्या लाजून राह्यली.

“मी ते टाइप केलं तेव्हा दर कडव्यात कपिल होता,” आत्या म्हणाली. ते नाव तिनं सहज घेतलं. “पन्नास वेळा वाचलं असेल. वाचून वाचून पाठ झालं. आता तू अतुल म्हणतेस ना, तर मला आधी तो ऐकू येतो आणि मग हा. परवा अंतरपाटापलीकडे अतुल उभे असतील. चांगला माणूस आहे गं. रोज फोन करून विचारतो, जेवलीस का. आणि मी इकडून...” तिनं मेंदीचे हात उचलून परत खाली ठेवले.

“मग सांग ना आबाजींना! नको म्हण!”

“कसं सांगू? त्याच्यात आई आहे. आईनं बिछान्यावरून सांगितलेलं आहे. ते नको म्हणजे आईलाच नको म्हणाल्यासारखं होते.”

“पण तुला त्रास होतो.”

“पाच मिनिटांचं तर आहे. निघून जाईल.” आणि मग खूप गंभीर होऊन, “हे खाली सांगायचं नाही. शप्पथ घे.”

खुशीनं शप्पथ घेतली आणि घेताक्षणी पस्तावली, कारण आता काय करायचं?

आबाजींच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर तो पत्र्याचा डबा, झाकण बाजूला. आबाजी पाठमोरे बसले होते.

“ये,” ते न वळता म्हणाले. “चपलांच्या आवाजावरून कळते तू आहेस ते. म्हशीसारखी चालतेस.”

“आबाजी, मी गंमत करत होते.”

“गंमत चांगली होती. तुझी ती मैत्रीण हुशार आहे.” त्यांनी जुन्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला एक कागद तिच्याकडे सरकवला. “हे पाचवं. वाच. गाऊ नको, वाच.”

त्यांच्या सुबक कोर्टी अक्षरात लिहिलं होतं,

आईने दिधले तुला शिकवुनी सोसायचे, हासणे.

‘सोसायचे’वर काट मारलेली, आणि वर वाकडंतिकडं, दुसऱ्याच हाताचं: ‘बोलायचे’.

“मी वाचून दाखवलं कुंदेला. तेव्हा उठूनही बसता येत नव्हतं. तर म्हणे, पोरीले सोसायचं कायले शिकवू मी? बोलायचं लिहा. माझ्या हातातून पेन घेतलं. त्याच्यानंतर तिनं काही लिहिलं नाही.”

खुशी त्या अक्षरांकडे बघत राहिली. आजीचं अक्षर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आजी फक्त सही करायची, तीही टपाल आलं तर.

“आबाजी, मग हे ठेवा ना जपून. पण लग्नासाठी नवीन लिहा की. तुम्ही तर अकरा-अकरा लिहिता. मी दीड तासात पाठ करते, माझी गॅरंटी!”

आबाजींनी डबा तिच्यापुढे केला. तिनं आत पाहिलं. एकेकाळी कागदांमुळे ज्या डब्याचं झाकण बसायचं नाही, त्याचा आता तळाचा पत्रा दिसत होता. ‘शेतीवाला’ची चिठ्ठी होती, खाली कागद नव्हता. ‘नदी’त दोन उरले होते.

“किती लग्नांत उरलेलं वापरलं, हे विचारायचं होतं ना तुला?” आबाजी म्हणाले. “कुंदा गेल्यापासूनच्या सगळ्यांत. मारेगावची दोन, कळंबचं ते डॉक्टरांचं, सगळी. जुनी काढायची, नावं बदलायची. लोक खूश. मी रोज सकाळी पेन घेऊन बसतो बाई. सहा ते आठ. एक दिवस चुकवला नाही. दोन तास फुकट जातात आणि कागद तसाच. कोरा.”

“एकही ओळ नाही?”

“यादी लिहितो. साखर, तेल.” ते स्वतःच हसले. “काही फेकायचं नाही म्हणून गुंजनला जुनं दिलं असं समजतात सगळे. समजू दे. तू म्हणणार ना परवा? तुझ्या तोंडून ऐकलं की मला वाटते, आत्ताच लिहिलंय.”

खुशीनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही. आबाजींनी ‘हो’ समजून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कागद घड्या घालून खिशात टाकला.

ती ओसरीत येऊन उभी राहिली. हे काय त्रांगडं होतं? आत्यासाठी म्हणू नये, तर आबाजींचा खोलीतला कोरा कागद उघडा पडतो. सगळे विचारणार, मग नवीन का नाही लिहिलं? आबाजींसाठी म्हणावं, तर आत्या अंतरपाटामागे दोन नवरे ऐकत उभी. वर गच्चीवरची शप्पथ. वर आजीचं ते वाकडं ‘बोलायचे’. आजी, बोलायचं खरं, पण कोणाचं बोलायचं आणि कोणाचं पोटात ठेवायचं, तेही लिहून ठेवलं असतंस तर! तिनं मनात एकदा आठही कडवी म्हणून पाहिली, पहिल्यापासून शेवटच्या ‘सावधान’पर्यंत, चालीसकट, एकही जागा न चुकता. काय सुंदर झालं असतं. अर्पितानं तर म्हणे व्हिडिओ काढून टाकायचा ठरवला होता.

अंगणात बेबीताई सोललेले दाणे मापत होत्या. पप्पा स्कूटर बाहेर काढत होते आणि मम्मी त्यांना, येताना कोथिंबीर आणा, सांगत होती. म्हणजे मांडववाल्याचं भांडण मिटलं होतं. पाचला दहा कमी.

“पप्पा, थांबा. प्रेसवाल्याला ओके दिलं का?”

“देतोच आहे आता जाता जाता. काहून?”

“नका देऊ.”

“आता काय झालं आणखी?” मम्मी वैतागली. “सगळं ठरलं ना?”

“अवो, पोरगी सकाळपासून डोकं खाऊन राह्यली,” बेबीताई तिथूनच पप्पांवर ओरडल्या. “ऐकू नको तिचं, सलील.”

खुशीनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले. माइकवरचा तो आवाज शोधला, तर सापडेना. घशातून भलताच बारीक आवाज आला.

“मी म्हणणार नाही अष्टक.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही म्हणणार. भटजी म्हणतील त्यांचं नेहमीचं. छापायचं नाही, वाटायचं नाही. मी आत्याच्या मागे उभी राहीन.”

पप्पांनी स्कूटर स्टँडवर लावली. “पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस खुशी. आठ कडवी पाठ केलीस. ते सगळं वाया?”

“वाया.”

“पण कारण काय? आबाजींना काय सांगायचं? त्यांना किती वाईट वाटेल!”

तिनं जिन्याकडे पाहिलं, मग आबाजींच्या उघड्या दाराकडे. समीक्षा सोमवारी काय म्हणेल, तेही तिला स्पष्ट ऐकू आलं, नळापाशी, सगळ्या वर्गासमोर.

“त्यांना सांगा,” खुशी म्हणाली, “आणि जो विचारेल त्याला हेच सांगा, अतुलच्या घरच्यांनापण. अष्टक लय चांगलं होतं. पण खुशीला ऐन वेळेवर स्टेजची भीती वाटली.”